माहेरी गेलेल्या बायकांचा रंग

हे मी रागात लिहिते आहे. राग शांत झाल्यावर लिही, असं आमचे हे म्हणाले. राग शांत झाला की मी काही लिहिणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच म्हणाले.

जावाजावा उभा दावा म्हणतात. आमच्या घरात तो दावा कधी उभा राहिला नाही, आणि त्याचं श्रेय माझं नाही. मी भांडायला कायम तयार असते. पण समोरचीनं भांडायला हवं ना! माझी धाकटी जाऊ कीर्ती भांडत नाही, ती विचारते, "कशावरून?" मी म्हटलं, आज आमटीत मीठ जास्त झालंय, तर ती म्हणणार, "कशावरून ताई? तुम्ही आत्ताच लोणचं खाल्लंय." असल्या बाईशी भांडून भांडणार काय?

आम्ही सांगलीजवळच्या माधवनगरचे मगदूम. घरामागच्या शेडमध्ये आमचे यंत्रमाग चालतात. त्या खटखटाटाची इतकी सवय आहे की लाईट गेली की आम्हाला जाग येते. मी गुणमाला, थोरली सून. कीर्ती माझ्या धाकट्या दिराची, जिनेशची बायको. लग्न ठरलं तेव्हा ती कोल्हापूरला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होती. सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, "मुलगी हिशेबाचं शिकते." एकदा कीर्तीनंच त्यांची चूक सुधारली, "हिशेब नाही आई, अंदाज." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्याला कॉलेज कशाला लागतं गं? अंदाज मला रोज स्वयंपाकात येतो."

लग्नानंतर काही वर्षं तिनं कॉलेजात तासिकेवर शिकवलं. नंतर 'मायसावली' नावाच्या प्रकल्पात तिला कंत्राटी नोकरी लागली. पुण्याची एक कंपनी तो प्रकल्प चालवायची. गावोगावच्या नर्सबाई गरोदर बायकांच्या नोंदी मोबाइलवर भरणार, आणि कोणत्या बाईला जास्त धोका आहे हे कीर्तीचं मॉडेल सांगणार, असं ते काम. कामाच्या पहिल्या आठवड्यात मी तिला विचारलं होतं, धोका काय तुला स्वप्नात दिसतो?

"दिसत नाही, तीच तर अडचण आहे ताई," ती म्हणाली. "गरोदर बाईचा धोका एकदा ठरला आणि तसाच राहिला असं होत नाही. तो हलतो. या महिन्यात झोपलेला, पुढच्या महिन्यात उठून बसलेला. तो आत असतो. बाहेर दिसतो रक्तदाब, दिसतं वजन, दिसते पायाची सूज. त्या खुणांवरून आज तो कुठल्या अवस्थेत असेल आणि पुढच्या आठवड्यात कुठल्या अवस्थेत जाईल, याचा अंदाज बांधायचा. हजारो बायकांच्या नोंदी हाताशी असल्या की तो अंदाज बरा बांधता येतो."

"म्हणजे झाकण ठेवलेलं दूध," मी म्हटलं. "वाफ बघून सांगायचं, आता उतू जाणार म्हणून."

"अगदी तसंच! आणि तुम्ही दुधाकडं पाठ फिरवलीत, तर मगाशी ते गार होतं या माहितीचा उपयोग दर मिनिटाला कमी होत जातो. हे गणितात बसवावं लागतं."

हे तिचे शब्द आहेत. पाठ फिरवली की खात्री कमी व्हायला पाहिजे, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुद्दाम सांगून ठेवते, कारण नंतर लोकांनी तिलाच अक्कल शिकवली.

तीन रंग ठरले. लाल बाईकडं नर्सनं आधी जायचं, पिवळीकडं मग, हिरवीकडं नेहमीच्या फेरीत. आटपाडी आणि जत तालुक्यांतून नोंदी यायला लागल्या तेव्हा कीर्ती घरी पेढे घेऊन आली. मी विचारलं, बढती का? म्हणाली, "नाही ताई, डेटात एकही रकाना रिकामा नाही. असा डेटा नशिबानं मिळतो." आम्ही सगळ्यांनी ते पेढे खाल्ले. एरवी प्रत्येक गोष्टीला कशावरून विचारणारी बाई त्या दिवशी तेवढं विचारायचं विसरली.

आता मदिनाबीचं सांगते. मदिनाबी आमच्याकडं कांड्या भरते, म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम करते. तिची लेक सिमरन आमच्या अंगणात खेळून मोठी झाली. तिला जतला दिली होती. जावई दानिशचं तिथं गॅरेज आहे, पोरगा चांगला आहे. गेल्या उन्हाळ्यात सिमरनला सातवा लागला आणि रीतीप्रमाणे ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. शेडच्या दारात आईशेजारी बसून ती बाळाच्या टोप्या विणायची. मागांच्या आवाजात आईला हाक ऐकू जात नाही म्हणून टोपीच फेकून मारायची.

एके दिवशी संध्याकाळी कीर्ती कामावरून आली तशी मदिनाबी तिच्यापाशी गेली.

"आवं कीर्तीताई, पोरीचं पाय लय सुजल्यात. चप्पल बी चढंना. डोकं ठनकतंय म्हनती दोन दिस झालं."

कीर्तीनं मोबाइल काढला. जतला सिमरनचं नाव नोंदलेलं होतं. ते तिनं शोधलं, बघितलं, आणि तिचा चेहरा खुलला.

"हिरवं आहे मावशी. सातव्यापासून सलग हिरवंच दाखवतंय. पूर्वी थोडं पिवळ्याकडं झुकलं होतं, तेही आता उतरलंय."

"मंजी चांगलंच न्हवं?"

"चांगलंच आहे. तरी उद्या सकाळी एकदा दवाखान्यात दाखवून घ्या."

सकाळी रिक्षा दारात आली. सिमरन बुरख्याची बटणं लावत अंगणात आली आणि तिथंच कोसळली. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. रिक्षावाल्यानं आणि आमच्या मागावरच्या दोघांनी तिला उचललं. सांगलीला पोचेपर्यंत तिला पुन्हा झटके आले. रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांनी घरच्यांनाच झापलं, इतके दिवस झोपला होता काय म्हणून. सिमरन वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगा होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात कीर्ती भिंतीला टेकून उभी होती. मदिनाबी तिला एक शब्दही वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. उलट तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "तुमी तरी काय करनार ताई? हिरवं हुतं न्हवं." कीर्तीनं तिचा हात बाजूला केला आणि ती तडक घरी येऊन कॉम्प्युटरपुढं बसली.

पुण्याहून तिला जी फाईल यायची ती तयार केलेली असायची. सगळे आकडे, सगळं नीटनेटकं. त्या दिवशी तिनं नर्सबाईंनी मुळात काय टाइप केलं होतं ते मागवून घेतलं. सिमरनच्या नावापुढं सहाव्या महिन्यापर्यंत रक्तदाबाचे आकडे होते, आणि ते चढतच होते. सातव्यापासून प्रत्येक आठवड्याला एकच शब्द होता. निरंक.

सरकारी कचेरीचा उंबरा ज्यानं एकदा ओलांडलाय त्याला हा शब्द माहीत असतो. तक्ता भरायचा आहे पण सांगण्यासारखं काही नाही, मग लिहा निरंक. कीर्तीनं जतच्या नर्सबाईला फोन लावला. त्या काही लपवत नव्हत्या, उलट वैतागल्या होत्या.

"मॅडम, ती माहेरी गेली न्हवं का. गेलेल्या बाईचं बीपी मी कुठनं आणू? रकाना मोकळा सोडला की फॉर्म फुडं जात न्हाई. मग निरंक लिवते. समदेच लिवतात."

आणि पुण्यातल्या कुणा हुशार माणसानं निरंकचं काय केलं? शून्य केलं. निर् अधिक अंक, म्हणजे शून्य! आणि त्यांच्या यादीत शून्याचा अर्थ होता 'तक्रार नाही'. ज्या बाईला कुणी बघितलंच नाही, ती बाई ठणठणीत झाली. बरं, माधवनगरच्या नर्सनं सिमरनला बघावं, तर तिच्या मोबाइलवर सिमरनचं नावच नाही, कारण नाव जतला. दोन्हीकडून पोरगी सुटली.

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, हे आमच्या दारातल्या मांजराला विचारलं तर तेसुद्धा सांगेल. एवढा मोठा प्रकल्प उभा केला, एवढ्या बैठका झाल्या, चहाबिस्किटं झाली, आणि एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की सातव्या महिन्यात ही बाई घर बदलणार! कीर्तीच्याही आलं नाही. ती स्वतःच हे दहा वेळा म्हणाली, तेव्हा मी तिला गप्प केलं.

पण खरी भयंकर गोष्ट पुढं आहे, आणि ती मला समजायला वेळ लागला. कीर्तीनं पुन्हा पुन्हा समजावून सांगितली. मॉडेल जुन्या नोंदींवरून शिकतं. त्यानं काय बघितलं? शेकडो बायका सातव्यात निरंक होतात आणि मग त्यांची कसलीही वाईट बातमी येत नाही. येईल कशी? वाईट झालं तर ते दुसऱ्या गावात होतं. जतच्या सुनांची माहेरं तर निम्मी कर्नाटकात. तिकडं काय झालं हे इकडच्या मोबाइलला कोण सांगणार? म्हणून मॉडेल एवढंच शिकलं, की निरंक झालेली बाई सुखरूप असते. जितके जास्त आठवडे ती दिसत नाही, तितकी त्याची खात्री वाढत जाते. दुधाकडं पाठ फिरवली की दूध गार होत जातं, असं ते गणित झालं. आणि जत तालुका नकाशावर हिरवागार! ज्या तालुक्यात टँकरशिवाय पाणी मिळत नाही तो यांच्या पडद्यावर हिरवागार.

या प्रकल्पाचे प्रमुख ऋषिराज साहेब. गोड बोलणारा माणूस, रागावणं त्याला माहीतच नाही. मला अशा माणसांची भीती वाटते. कीर्तीनं त्याला स्वयंपाकघरातूनच फोन केला आणि स्पीकरवर ठेवला. एका हातानं ती टिपणं काढत होती.

"कीर्ती मॅडम, झालं ते वाईटच झालं," साहेब म्हणाले. "पण एका केसवरून मॉडेल बदलायचं नसतं. हे तर तुम्हीच मला शिकवलंय."

"एक केस नाही सर. तो रकानाच खोटा आहे. मला चौथा रंग द्या. करडा. त्याचा अर्थ, माहीत नाही. आणि नोंद नसलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक काळजी वाढली पाहिजे. ज्या गावात ती गेली असेल तिथल्या नर्सला निरोप गेला पाहिजे."

"माहीत नाही असं सांगायला कुणी आपल्याला बोलावतं का मॅडम? आपलं मॉडेल ब्याण्णव टक्के अचूक आहे. पुढच्या महिन्यात साताऱ्यात सुरुवात आहे. तिथं आपण जत पॅटर्न म्हणूनच दाखवणार आहोत. एवढं होऊ द्या, मग बघू."

"ब्याण्णव टक्क्यांत त्या माहेरी गेलेल्याही आहेत सर. त्यांचं काय झालं हे आपल्याला माहीत नाही, आणि त्यांना आपण बरोबर ओळखलं म्हणून मोजलंय."

"तेच म्हणतोय. काय झालं ते माहीत नाही. मग वाईटच झालं, हे तरी कशावरून?"

कीर्तीचा शब्द त्यानं कीर्तीलाच मारला. तिनं फोन ठेवला. मी हातातला डबा असा आपटला की सासूबाई देवघरातून उठून आल्या. मग कीर्ती म्हणाली, "त्यांचा प्रश्न बरोबर आहे ताई. कशावरून? जाऊन बघायला पाहिजे." सातारा सुरू व्हायच्या आत तिला पुरावा हवा होता. नाही तर तिकडच्या माण-खटावच्या पोरीही अशाच हिरव्या होऊन हरवणार होत्या.

जिनेशना सुट्टी नव्हती. मी म्हटलं, मी येते. गाडी मला चालवता येते आणि शिव्याही देता येतात, जतच्या रस्त्याला दोन्ही लागतं.

तिनं मोबाइलवर बायका क्रमानं लावल्या होत्या, सगळ्यात सुरक्षित बाई सगळ्यात वर. वरून सुरुवात करू, म्हणाली. सगळ्यात वर नाव होतं महादेवी. बाळंतपणाची नोंद आली नाही की नाव तसंच पुढं चालू राहतं, आणि हिचे निरंक आठवडे सगळ्यांत जास्त होते. जतच्या पुढं, सीमेच्या अलीकडं, माळावरची वस्ती. बाहेर मेंढरांचा वाडा, प्लॅस्टिकची निळी पिंपं, आणि दारात ज्वारी पाखडत बसलेली महादेवीची सासू, निलव्वा. आम्ही दवाखान्याच्या कामासाठी आलोय म्हटल्यावर तिनं आत जाऊन पाणी आणलं. तिथं पाणी देणं ही काय चीज आहे हे मला येताना रस्त्यावर दिसलं होतं, म्हणून मी दोनच घोट घेतले.

"महादेवीला भेटायचं होतं," कीर्ती म्हणाली.

"महादेवी गेली की ओ."

"हो, माहेरी गेली ते आम्हाला कळलंय. कधी येणार आहे परत?"

निलव्वानं सूप खाली ठेवलं. आमच्या दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं. आम्ही थट्टा करत नाही ना, हे ती बघत होती बहुतेक.

"कुठनं येनार बाई? माहेरी गेली, आन् तितनंच गेली. रगत थांबलंच न्हाई म्हनं. गाडीत घालून विजापूरला न्हेत हुते. वाटंतच."

"बाळ?"

"ते बी तिच्या संगं."

 मी विचारलं, आवं आज्जी, मग इथल्या नर्सबाईला सांगितलं नाही?

"सांगितलं की! मोबाइल घिऊन आली हुती सिस्टर. महादेवी कुठं हाय म्हनली. म्या सांगितलं, गेली. बरं म्हनली, आन् लिवून घेतलं."

गेली. एवढा एक शब्द. म्हातारीनं कुठल्या अर्थानं सांगितला, नर्सनं कुठल्या अर्थानं घेतला! नर्सला घाई होती, अजून पाच वस्त्या करायच्या होत्या. तिनं लिहिलं निरंक, पुण्यात त्याचं झालं शून्य, आणि मेलेली बाई तालुक्यात सगळ्यांत सुरक्षित ठरली. मी गाडीत येऊन बसले आणि स्टिअरिंगवर हात मारून मारून रडले. दुःखानं नव्हे. नुसत्या संतापानं. मी एवढी माणसं बघितली, पण माणसं मारून त्यांच्यावर हिरवा रंग लावणारी बघितली नव्हती.

कीर्ती अजून दारातच होती. ती विचारत होती, "आज्जी, महादेवीचं नाव मी चार माणसांत घेतलं तर चालेल?"

"घ्या की," निलव्वा म्हणाली. "आमच्यात आता कोन घेतच न्हाई. ल्योक दुसरी करतो म्हनतोय. घ्या बाई नाव."

आम्ही त्या आठवड्यात आणखी बऱ्याच घरी गेलो. बहुतेक ठिकाणी बाळंतीण सुखरूप होती, पोरं गुटगुटीत होती, हे खरं आहे आणि कीर्तीनं तेही टिपून घेतलं. पण महादेवी एकटी नव्हती.

साताऱ्याच्या कार्यक्रमाला ऋषिराज साहेबांना कीर्ती हवीच होती, कारण पडद्यावर मॉडेल चालवून दाखवायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती येते म्हणाली. साहेबांना वाटलं, बाई निवळली. मीही बरोबर गेले. सभागृह नर्सबाईंनी भरलं होतं. लांबलांबून एस.टी.नं आल्या होत्या, काहींच्या मांडीवर पोरं. पुढं हारतुरे, समई, आणि मागच्या पडद्यावर जत तालुक्याचा हिरवा नकाशा. साहेबांनी भाषणात जतला 'आदर्श' म्हटलं तेव्हा शेजारच्या बाईनं मला विचारलं, तुम्ही जतच्या काय? मी म्हटलं, नाही, पण ऐका आता.

कीर्ती उभी राहिली. तिला भाषण येत नाही, ती वर्गात शिकवल्यासारखी बोलते. नमस्कारसुद्धा केला नाही.

"आमच्या मॉडेलनुसार आज जत तालुक्यात सगळ्यात सुरक्षित बाई कोण, ते बघू," असं म्हणून तिनं एक बटण दाबलं. पडद्यावर नाव आलं, महादेवी. शेजारी हिरवा गोल.

"हिला धोका जवळजवळ शून्य आहे, असं मॉडेल म्हणतंय. बरोबर म्हणतंय. हिला आता कसलाच धोका नाही. ही बाई माहेरी बाळंतपणाला गेली आणि वाटेत वारली. बाळही वारलं. आम्ही तिला अजून हिरवी दाखवतोय, कारण तिच्या रकान्यात निरंक आहे आणि आम्ही निरंकचा अर्थ शून्य लावला. हे मॉडेल मी बांधलंय. ते चुकलंय."

ऋषिराज साहेब हसतमुखानं उठले, तांत्रिक अडचण आली आहे म्हणाले, आणि पडदा काळा झाला. माईकही बंद पडला. साताऱ्याची लाईट गेली असेल म्हणावं, तर पंखे चालू होते. पण आमच्या घरात मागांच्या खटखटाटात बोलायची सवय असते. कीर्तीला माईक लागत नाही.

मधल्या रांगेतून एक वयस्कर नर्स उठली. "मॅडम, आमच्याकडं बी हेच हाय. आमची पोरगी माणात जाती, माणातली पंढरपूरकडं जाती. मग आमी काय लिवायचं?"

"निरंक लिहू नका. रकाना मोकळा सोडा."

"मोकळा सोडला तर फॉर्म फुडं जात न्हाई. सकाळीच भरून बघितला आमी."

"मग जाऊ देऊ नका."

 मग त्या नर्सनं नुकताच वाटलेला नवा मोबाइल डब्यात घालून टेबलावर आणून ठेवला. तिच्या मागून दुसरी उठली. मग रांगच लागली. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. हारतुऱ्यांच्या शेजारी डब्यांचा ढीग झाला, आणि पाहुण्यांना फुलं कुठं ठेवावीत ते कळेना. साताऱ्याची सुरुवात पुढं ढकलली गेली. अजून ती पुढंच आहे. कीर्तीनं त्यांना सांगितलेल्या चौथ्या रंगाशिवाय फॉर्म भरणार नाही, असं तिथल्या बायकांनी लेखी दिलंय.

कीर्तीचं कंत्राट पुढं चालू ठेवलं नाही. तिचं वर्तन सांघिक नाही, असं कळवलं. आमच्या नात्यातल्या लोकांनी येऊन हळहळ केली, चांगली नोकरी घालवली म्हणून. घालवली? कुणी घालवली? त्यांना मी चहासुद्धा अर्धा कपच दिला. सिमरन आता पुन्हा आईशेजारी बसते, पण विणत नाही. मदिनाबीशी कीर्ती रोज बोलते, आणि दोघींपैकी कुणीही त्या संध्याकाळचा विषय काढत नाही.

आणि जत? जत तसंच आहे. सातारा थांबला तो नव्यानं सुरू व्हायचा होता म्हणून. जे चालू आहे ते कोण थांबवणार? तिथल्या पोरी अजून सातव्यात माहेरी जातात आणि पुण्यातल्या पडद्यावर हिरव्या होतात.

काल दुपारी कीर्तीला पुण्याहून फोन आला. कंपनीतला एक तरुण मुलगा होता, सिस्टिम सांभाळणारा. बिचारा आदबीनं बोलत होता. म्हणाला, "मॅडम, ते महादेवी नाव अजून यादीत सगळ्यात वर येतंय. साताऱ्यानंतर लोक उघडून बघतात, बरं दिसत नाही. मी ते नाव काढून टाकू का? तुम्ही बांधलेलं आहे म्हणून विचारलं."

"नाव राहू दे," कीर्ती म्हणाली. "रंग काढ."

तो थोडा अडखळला. "मॅडम, रंगाला वरून मंजुरी लागते. नाव मी आत्ता काढू शकतो."

 कीर्तीनं फोन माझ्या हातात दिला. मग मी त्या मुलाला, त्याच्या साहेबाला आणि त्या साहेबाच्या वरच्यांना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण बोलले.